विश्लेषण : शिडाची कयाक तरंगत्या जेट्टीवर उघड्यावर ठेवावी का?

तरंगती जेट्टी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होते. तिथून कयाक पाण्यात सोडणे सोपे, म्हणून अनेक हौशी नाविक ती वर्षभर तिथेच ठेवतात. ही सोय महागात पडू शकते.

बऱ्याच कयाक पॉलिथिलीनच्या असतात. पाण्याने या प्लास्टिकचे फारसे बिघडत नाही, पण उन्हातील अतिनील किरणांनी ते हळूहळू ठिसूळ होते. उष्णतेने ते मऊही पडते आणि एकाच जागी भार आला तर तळ चेपतो. अशी कयाक किनाऱ्यापासून दूर तडकली तर प्रश्न जिवाचा होतो.

त्यामुळे शीड, डोलकाठी, सुकाणू काढून घरात ठेवावे. कयाक रुंद आधारांवर उलटी ठेवावी, हवा खेळेल असे फिकट आच्छादन घालावे आणि दोन पट्ट्यांनी जेट्टीला बांधावी.

पावसाळ्यात मात्र ती जेट्टीवर नकोच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात कोकणातील मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्र पाहिलेल्यांची ही सवय हौशी नाविकांनीही उचलायला हवी.