परसदारी : करडाचं दूध तोडताना

मैत्रिणींनो, शेळी व्याली की घरात दुधावरून ओढाताण ठरलेलीच. सासूबाईंना चहापुरतं हवं, धाकट्याला पेलाभर हवं, आणि करडं तर दाव्याला हिसके देत ओरडत असतात! मग महिना होतो न होतो तोच आपण करडू बाजूला बांधतो. आठ दिवस दूध जास्त मिळतं, पण करडू मात्र खुरटतं ते खुरटतंच. शेळीचा पैसा म्हणजे बहुधा घरच्या बाईच्या हातचा पैसा. तो पातेलीभर दुधापायी घालवायचा का?

सुरुवात चिकापासून करायची. करडू जन्मलं की नाळेला टिंक्चर आयोडीन लावावं आणि तासाभराच्या आत चीक पाजावा. वार पडायची वाट बघत बसू नका. रोगाशी झगडायची ताकद करडाला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच येते. तेव्हा खरवसाचा मोह आवरा बरं!

पहिला महिना वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध रोज पोटात जायला हवं. दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, तेही तीन-चार वेळा विभागून. वजन वाढेल तसं दूध वाढवा. एकच करडू असेल तर एक सड त्याला, एक घराला, हा जुना हिशोब चांगला. जुळी असतील तर महिनाभर घरच्यांनीच दम धरावा. बाटलीनं पाजताना दूध कोमट हवं आणि बाटली-बूच रोज उकळलेलं हवं.

पंधरा दिवसांनी करडू पाला हुंगू लागतं. तेव्हा शेवरी, सुबाभूळ, लसूणघास यांच्या कोवळ्या जुड्या त्याच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर खनिज मिश्रण, असं चमचा-दोन चमच्यांपासून सुरू करून हळूहळू मूठभर करा. याच खाण्यानं त्याचं रवंथाचं पोट तयार होतं. शिळा भात-भाकरी मात्र ढिगानं घालू नका, पोट फुगतं.

दूध तोडायचं साधारण तीन महिन्यांनी. पण नुसतं कॅलेंडर पाहू नका. पिशवीत घालून काट्याला लावा. वजन जन्माच्या अडीच-तीन पट झालेलं असावं आणि करडू चारा-भरडा मनापासून खात असावं. मग दहा-बारा दिवसांत सोडवायचं. आधी रात्री वेगळं ठेवायचं, सकाळी धार काढून मग सोडायचं. पुढं दिवसातून एकदाच पाजायचं आणि शेवटी बंद. आई दिसेल अशाच जागी बांधा. त्याच दिवसांत जंताचं औषध, लस, नवा चारा असं काही नको. इकडे शेळीची कासही रोज चाचपा. कडक, गरम लागली तर डॉक्टरांना दाखवा.

हगवणीत रक्त दिसलं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. जमीन कोरडी ठेवा. तीन महिन्यांनंतर आंत्रविषार आणि पीपीआरच्या लशींबद्दल सरकारी दवाखान्यात विचारा आणि बोकडं वेगळी बांधा. घरात येणारं दूध मात्र उकळूनच प्या.

आपल्या बाळाला आपण एका दिवसात वरणभातावर आणलं होतं का? मग करडालाही तेवढी सवड द्या. बाजारात त्याची किंमत सांगताना तुमचा आवाज खाली जाणार नाही!