मॉर्फिन : पिकते आपल्या देशात, मिळत नाही आपल्या रुग्णाला

१/ नागपूरच्या रामदासपेठेत यवतमाळ, गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. कर्करोग बरा होण्याची आशा मावळली, की त्यांच्या नातलगांना, देशात इतरत्र ऐकू येतात तीच दोन वाक्ये ऐकावी लागतात : ‘मॉर्फिनला कायदा आडवा येतो’ आणि ‘सवय लागेल’. पहिले वाक्य शिळे आहे, दुसरे निर्दय.

२/ एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्याच व्यापारात धनाढ्य झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या बळावर १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभे राहिले. माळव्याच्या शेतांत आजही सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तेव्हा टंचाई मालाची कधीच नव्हती.

३/ १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा तस्करांसाठी झाला. मार बसला रुग्णांना. शिक्षा किमान १० वर्षांची सक्तमजुरी. मॉर्फिन बाळगायला वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने, तेही सर्व एकाच वेळी वैध हवेत. एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपे. रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी साठा ठेवणेच सोडले. १९९७ मध्ये साऱ्या देशाचा वैद्यकीय वापर १८ किलोवर आला होता. घट सुमारे ९७ टक्के!

४/ आणि मुहूर्त पाहा. १९८६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. तिची सर्वांत वरची पायरी मॉर्फिनची. भारताने तेवढीच कापून टाकली.

५/ आता ‘सवय’. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन ठरावीक तासांनी, मात्रा हळूहळू वाढवत तोंडावाटे देतात. सोबत बद्धकोष्ठतेवरचे औषध. शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन जडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही आठवड्यांचा सोबती असलेल्या माणसाला व्यसनाचा धाक घालून तळमळत ठेवणे, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

६/ २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन ‘आवश्यक अमली औषध’ ठरले, अनेक परवान्यांची साखळी तुटली, वैद्यकीय वापराला चालना देणे हा कायद्याचाच हेतू झाला. १९८५ नंतरच्या पिढीतील अनेक डॉक्टर मात्र मॉर्फिन लिहायला न शिकताच पदवी घेऊन बाहेर पडले होते, आणि त्यांची भीती कोणत्याही राजपत्राने रद्द झाली नाही. रुग्णालयाला आज मान्यता घ्यावी लागते ती राज्याच्या औषध नियंत्रकाची. त्यासाठीचा अर्ज करायला नव्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.