यजमानांचा संघ कुठे आहे?

२०१७ च्या दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घाना आणि नायजर समोरासमोर उभे ठाकले. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातला बाद फेरीचा हा सामना घानाने २-० असा जिंकला. पहाटे अभ्यंगस्नान, मग फराळ आणि रात्री पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांची झुंज, असा दिवस नवी मुंबईच्या वाट्याला त्याआधी कधी आला नव्हता. पॅराग्वे, माली, तुर्कस्तान आणि न्यूझीलंड हे संघ याच मैदानावर आधी खेळून गेले होते. आठवड्याभरात स्पेनने मालीला ३-१ असं हरवून इथूनच अंतिम फेरी गाठली.

तळोज्यातून निघणाऱ्या दिवाळी अंकाला फुटबॉल कुठून सुचला, असं काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. रायगड जिल्ह्याला वेड कबड्डीचं आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचं. भात कापून शेतं मोकळी झाली की गावोगावी मांडव पडतात, लाउडस्पीकर लागतात आणि कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या नावाचा ‘चषक’ सुरू होतो. या गर्दीत फुटबॉल अभावानेच सापडतो. पण तळोज्याच्या नव्या वसाहतीत संध्याकाळी एखाद्या इमारतीखाली उभं राहिलं, तर पाठीवर मेस्सी, रोनाल्डो, एमबाप्पे ही नावं मिरवणारी पोरं हमखास दिसतात. त्यांना मँचेस्टरच्या संघाचा बचावपटू कोण ते ठाऊक असतं. शेजारच्या नोडमध्ये संघ आहे की नाही, ते ठाऊक नसतं. फुटबॉल जगभर पसरला म्हणजे नेमकं काय पसरलं, हा यंदाच्या अंकाचा विषय तिथून निघाला.

लंडनच्या एका खानावळीत १८६३ साली काही क्लबांच्या मंडळींनी खेळाचे नियम लिहायला घेतले आणि तिथून पुढे खलाशी, शिपाई, रेल्वेचे इंजिनिअर, कारकून आणि पाद्री यांनी चेंडू जिथे गेले तिथे नेला. मुंबई या प्रवासात मागे नव्हती, उलट बरीच पुढे होती. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि पहिल्या वर्षी वुस्टरशर रेजिमेंटने तो नेला. फिफाची स्थापना त्यानंतर तेरा वर्षांनी, १९०४ साली पॅरिसमध्ये, अवघ्या सात देशांच्या संघटनांनी केली. पहिला विश्वचषक तर १९३० चा. गोव्यातली गोष्ट आणखी गमतीची. राज्य पोर्तुगिजांचं, पण फुटबॉल आणला विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्र्याने, १८८३ साली, शिवोलीत.

रोव्हर्स कपवर गोऱ्या पलटणींची मक्तेदारी बराच काळ टिकली. ती १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने मोडली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी कप उचलला आणि कूपरेजच्या प्रेक्षकाला आपल्या माणसांच्या पायातली जादू दिसली. ही स्पर्धा शेवटची झाली ती २०००-०१ च्या हंगामात. नेमक्या त्याच काळात इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने उपग्रह वाहिन्यांवरून मुंबईच्या घराघरात पोचत होते. एकामुळे दुसरं मेलं असं म्हणणं घाईचं ठरेल; रोव्हर्सला आजार जुनाच होता. पण शंभर वर्षांहून जुनी स्पर्धा बंद पडली आणि शहराला फारसं सुतक लागलं नाही, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

मुंबईने जे गमावलं ते कोल्हापुरात टिकलं आहे. कोल्हापुरात फुटबॉल तालमीत शिरला. जिथे लाल मातीत कुस्ती घुमायची, जोर-बैठका निघायच्या, गणपती बसायचा, त्याच तालमींनी संघ काढले. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. ही नावं उच्चारली की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे पेठाच्या पेठा उभ्या राहतात. शाहू स्टेडियमवरचा सामना म्हणजे पेठेच्या इभ्रतीचा मामला. जिंकणारे गुलाल उधळतात, हरणारे पुढच्या हंगामाची वाट बघतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, तिच्या पाठोपाठ येणाऱ्या चषकांच्या स्पर्धा, एकेका संघाचे ठरलेले रंग, पिढ्यान्‌पिढ्यांची हाडवैरं: युरोपातल्या शहरांना जे सगळं अभिमानाने सांगावंसं वाटतं, ते पंचगंगेकाठी कुणा प्रायोजकाची वाट न बघता उभं राहिलं.

विश्वचषक आला की याच पेठांत ब्राझील, अर्जेंटिना आणि जर्मनीचे झेंडे चढतात, चौकाचौकांत खेळाडूंचे कटआउट उभे राहतात. त्यात नक्कल काही नाही. स्वतःचा संघ असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या संघावर जीव लावणं आणि स्वतःचा संघच नसलेल्याने लावणं, यात फरक असतो. कोल्हापूरचं हे प्रेम नेहमी शोभेल असंच वागतं असंही नाही. हुल्लडबाजीने सामने थांबले आहेत, दगड उडाले आहेत, पोलिसांना मैदानात उतरावं लागलं आहे. या अंकाला त्याचं कौतुक नाही. पण २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या निळ्या जर्सीत जे दोन मराठी पोरगे होते, त्यातला अनिकेत जाधव कोल्हापूरचा निघाला यात आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. दुसरा नमित देशपांडे, मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला.

आता थोडं सत्तेविषयी. संयुक्त राष्ट्रांचे सभासद १९३, फिफाचे २११. ही संख्या कुणी खिरापतीसारखी वाटलेली नाही. १९६६ च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेला हक्काची एकही जागा नव्हती, तेव्हा घानाच्या पुढाकाराने आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवर बहिष्कार टाकला. १९७० पासून एक जागा मिळाली. पुढे जागांच्या आणि मतांच्या हिशेबावरच फिफाचे अध्यक्ष निवडून येऊ लागले. २०२६ पासून विश्वचषकात ४८ संघ आहेत. नेरुळला घाना-नायजर खेळले त्यामागे ही भांडणं आहेत.

या सत्तेचा हिसका नवी मुंबईलाही बसता बसता राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासकांची समिती म्हणजे तिऱ्हाइताचा हस्तक्षेप, असा ठपका होता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला झुरिकच्या एका खाजगी संघटनेने ‘तिऱ्हाईत’ म्हणावं, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. समितीचा कारभार आटोपता घेतला गेला आणि दहा-अकरा दिवसांत निलंबन उठलं. ते उठलं नसतं तर सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतातून गेला असता. तो गेला नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, पुन्हा दिवाळीच्याच आठवड्यात, नेरुळला स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० असं हरवून करंडक उचलला.

पैशाची गोष्ट याहून रंगतदार आहे, आणि तिचं एक टोक पुण्यात आहे. इंग्लंडमधल्या लँकशरचं ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या मागांवरचं कापड एकेकाळी जहाजं भरभरून हिंदुस्थानात यायचं. परदेशी कापडावरच्या बहिष्काराचा फटका बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला १९३१ साली गांधीजी ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनला गेले होते. या ब्लॅकबर्नचा संघ, रोव्हर्स, १८७५ चा. १८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक, आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्यंकटेश्वरा समूहाने विकत घेतला. व्यंकीज म्हटलं की महाराष्ट्राला कोंबडी आठवते. किंमत होती सुमारे २ कोटी ३० लाख पौंड.

साम्राज्याच्या राजधानीतून नाही, तर पुण्यातून लँकशरच्या संघाचा मॅनेजर ठरणार, ही बातमी वाचून इकडे अनेकांची छाती फुगली. मग महिन्याभरात सॅम अ‍ॅलरडाइस यांची उचलबांगडी झाली. २०१२ साली संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्याच मोसमात संतापलेल्या प्रेक्षकांनी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. २०१७ साली संघ आणखी एक पायरी उतरला आणि वर्षभरात परत वर आला. ब्लॅकबर्नकरांचा राग समजून घ्यायला कोल्हापूरला जावं. पाटाकडील तालमीचा संघ उद्या परदेशातल्या एखाद्या कंपनीने विकत घेतला आणि कोच कोण ते तिथून कळवलं, तर पेठ काय करील? मालकांनी आजवर क्लबमध्ये मोठा पैसा ओतला, हेही खरं. पण पैसा आणि आपलेपणा यांची खाती वेगळी असतात. या व्यवहाराचा धागा मराठी मैदानापर्यंत पोचला तो एवढाच, की अनिकेत जाधवला जमशेदपूरकडून खेळत असताना ब्लॅकबर्नला सरावाची संधी मिळाली.

उलट दिशेने पैसा मुंबईत आला. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तिचा पहिला अंतिम सामना नेरुळलाच झाला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे अबुधाबीच्या पैशावर चालणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. खेळाचा दर्जा त्याने नक्की सुधारला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असं नमवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी गोल मुंबईच्या राहुल भेकेने डोक्याने मारलेला. ६ नोव्हेंबर २०२३ ला सौदीचा अल-हिलाल नेरुळला आला तेव्हा नेमारसाठी हजारो डोळे लागले होते. पण तीनच आठवड्यांपूर्वी ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला होता. तो आलाच नाही, आणि अल-हिलालने सामना २-० असा घेतला.

याच झगमगाटाच्या काळात गोव्यात काय झालं ते मात्र थोडक्यात उरकण्यासारखं नाही. धेंपो आणि साळगावकर ही खाणमालकांच्या पैशावर, पण गावोगावच्या पोरांवर उभी राहिलेली घरं. धेंपोने देशाचं विजेतेपद पाच वेळा जिंकलं. लीगची नवी उतरंड ठरली, तिच्यात जुन्या क्लबांना वरची जागा उरली नाही, तेव्हा २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा हे तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्याआधी मुंबईत महिंद्रा युनायटेड बंद झालाच होता. आणि ज्या लीगसाठी हे सगळं मांडलं, तिचा २०२५-२६ चा हंगाम कराराच्या घोळात जुलै २०२५ मध्ये स्थगित ठेवावा लागला. वरून उभारलेली इमारत किती पोकळ होती ते त्या दिवशी दिसलं.

दूरदर्शनने १९८६ साली मॅराडोना घरात आणला, तेव्हापासून महाराष्ट्रातला फुटबॉलचा प्रेक्षक वाढतोच आहे. इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना हिवाळ्यात तळोज्यात संध्याकाळी सहाला दिसतो. आशियातल्या प्रेक्षकाला सोयीची अशीच ती वेळ आहे. ही वेळ पोरांच्या खेळण्याचीसुद्धा आहे, हा योगायोग म्हणावा की आणखी काही, ते पालकांनी ठरवावं. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळवण्याचा घाट घातला होता. दुसऱ्या दिवशी काय, हे त्या योजनेत नव्हतं.

नवी मुंबईकडे आज काय नाही? विश्वचषकाचे सामने झालेलं स्टेडियम आहे. खारघरला सिडकोचं फुटबॉल सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, तळोज्याहून मेट्रोने काही स्थानकं अलीकडे. तासावर भाड्याने मिळणारे टर्फ आहेत, ज्यांच्या खिशात भाडं आहे त्यांच्यासाठी. संघ नाही. म्हणजे तळोज्याचा, पेंधरचा, रोडपालीचा, कळंबोलीचा असा, ज्याच्या पराभवाने गावाला रात्री जेवण जाणार नाही. पत्ता नवी मुंबईचा आणि घरपट्टी पनवेल महापालिकेला, अशा या वसाहतींत ‘आपलं’ म्हणावं असं तसंही फार थोडं आहे.

म्हणून दोन मागण्या. पहिली सिडको आणि पनवेल महापालिकेकडे: प्रत्येक नोडमध्ये खेळासाठी राखलेला एकेक भूखंड भाड्याशिवाय, कुंपणाला कुलूप न लावता, संध्याकाळी चार ते आठ मुला-मुलींसाठी उघडा ठेवावा. दुसरी गावकीच्या मंडळांकडे आणि कबड्डी संघांकडे. मांडव, पंच, लाउडस्पीकर, बक्षिसं आणि भांडणं मिटवणारी वडीलधारी माणसं, हे सगळं तुमच्याकडे आधीच आहे. कोल्हापूरच्या तालमींकडेही सुरुवातीला एवढंच होतं. या कार्तिकात शेतं मोकळी झाली की क्रिकेटच्या चषकाला जोडून सात-सात जणांच्या फुटबॉलची एक स्पर्धा लावा, आणि त्यात मुलींचा गट ठेवा. ज्या गावांचे संघ उतरतील, त्यांच्या सामन्यांचा वृत्तांत पुढच्या दिवाळी अंकात छापला जाईल.