ताप उतरला, दुखणें उतरलें काय?

‘दुखणें अंगावर काढणें’ हा आपल्या भाषेंतील एक रूढ वाक्प्रचार आहे. आणि तो उच्चारणाराच्या मुद्रेवर बहुधा अभिमानाची छटा दिसते. आम्हीहि शाळेंत शिकवीत असतां कित्येक ताप असेच अंगावर काढले व त्याची फुशारकी घरांतील मुलांपुढें मिरविली. त्या फुशारकीचें मोल गेल्या वर्षीं आमच्या घरास फार महाग पडावयाचें होतें, म्हणून हा विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गेल्या श्रावणांत शेलूस घरोघर तापाची सांथ होती. आमच्या सतरा वर्षांच्या नातवासहि ताप भरला. तो तिसऱ्या दिवशीं उतरला. पांचव्या दिवशीं मित्रांनीं नेरळजवळच्या पेब किल्ल्यावर जाण्याचा बेत केला. सूनबाई म्हणाली, “मामंजी, माडीचा जिना चढतांना त्याला धाप लागते. तुम्ही सांगितलंत तर तो थांबेल.” आम्ही हंसून म्हणालों, “तरुण पोर आहे. डोंगरावरचा वारा लागला कीं बरा होईल.” अर्ध्या वाटेवर त्याच्या छातींत कळ आली, डोळ्यांपुढें अंधारी आली आणि तो खालींच बसला. मित्रांनीं आधार देऊन त्यास नेरळास उतरविलें. हृदयाचा विद्युत्-आलेख, रक्ताची तपासणी व सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरांनीं निदान सांगितलें: हृदयाच्या स्नायूस दाह झाला आहे. यासच ते मायोकार्डायटिस म्हणतात.

साध्या तापाचा हृदयाशीं काय संबंध, असें वाचकांस वाटेल, आम्हांसहि वाटलें. श्वासावाटे, अन्नपाण्यावाटे अथवा डांसाच्या दंशानें शरीरांत शिरलेला विषाणु रक्तावाटे हृदयापर्यंत पोंचूं शकतो. तो तेथील पेशींस इजा करितो; आणि त्याशीं झुंजणारी शरीराची संरक्षक शक्तीहि दाह उत्पन्न करून त्याच स्नायूस दुखविते. चोरामागें धांवणाऱ्या शिपायांनीं अंगणांतील तुळस तुडवावी, तसा हा प्रकार. कॉक्सॅकी, इन्फ्लुएन्झा, कोविड, डेंग्यू, चिकुनगुन्या अशा अनेक विषाणूंकडून असें घडतें. मोडलेल्या हातास झोळींत विश्रांति देतां येते; पण हृदय दिवसाकांठीं सुमारें एक लाख ठोके देतें, त्यास सुटी नाहीं. त्याचा भार हलका करणें एवढेंच आपल्या हातीं असतें. दाह झालेल्या हृदयावर श्रम लादले तर त्याची लय बिघडून प्राणावरहि बेततें. बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात, परंतु थोड्यांचें हृदय कायमचें दुबळें होतें.

वृद्धांस दुसरें भय आहे. कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत झालेलें एक संशोधन २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत इन्फ्लुएन्झाचें निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव सुमारें सहापट वाढतो असें आढळलें. म्हणून वृद्धांनीं व हृदयरोग्यांनीं दरवर्षीं घ्यावयाच्या इन्फ्लुएन्झाच्या लशीविषयीं आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावें.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झांत मुंबईस ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं ७६८ माणसें दगावलीं. त्या वेळीं लहान असलेली आमची आजी पुढें जन्मभर, ताप उतरलेल्या माणसास दहा दिवस उंबरठा ओलांडूं देत नसे. आम्ही तिला हंसत असूं. चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेंतहि ज्वरमुक्त मनुष्यानें बळ येईपर्यंत व्यायाम व फिरणें वर्ज्य करावें असें सांगितलें आहे. हें आम्हीं तरुणपणीं वाचलें होतें. परंतु पोथींतलें ज्ञान ऐन वेळीं पोथींतच राहिलें.

तरी गृहस्थांस व विशेषतः गृहिणींस आमचें सांगणें एवढेंच. ताप गेल्यावरहि चालतांना धाप लागणें, छातींत दुखणें, धडधड होणें, घेरी येणें वा पाय सुजणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. छातींत कळ वा मूर्च्छा आल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. उरलेल्या गोळ्या आपल्या मनानें देऊं नयेत. अँटिबायॉटिक औषधें विषाणूंवर चालत नाहींत. लक्षणें नसलीं तरी पूर्ववत् हुशारी येईपर्यंत धांवणें, पोहणें, डोंगर चढणें बंद ठेवावें.

मायोकार्डायटिस झालेल्यास साधारणतः तीन ते सहा महिने श्रमाचे खेळ वर्ज्य असतात. आमच्या नातवानें सहा महिने क्रिकेटची बॅट हातीं धरली नाहीं. फेरतपासणी निर्दोष निघाल्यावर, गेल्या माघांत डॉक्टरांनीं त्यास खेळण्याची मोकळीक दिली. त्या सायंकाळीं देवापुढें साखर ठेवून आम्हीं सूनबाईस म्हटलें, “त्या दिवशीं तुझें ऐकावयास हवें होतें.” ती कांहीं बोलली नाहीं; परंतु तेव्हांपासून आमच्या घरांत कोणाचाहि ताप उतरला, तर तो बाहेर केव्हां पडणार हें तीच ठरविते.