स्वादुपिंडाची बायोप्सी: योग्य डॉक्टर कसा निवडाल?

“डॉक्टर, गाठ आपल्या परळीतल्या सोनोग्राफीत दिसली ना? मग सोनोग्राफीवरच तुकडा काढायला मुंबई-पुण्याला कशाला जायचं?”

नातेवाइकांचा हा प्रश्न रास्त आहे. घोटाळा होतो तो ‘सोनोग्राफी’ या शब्दामुळे.

नेहमीची सोनोग्राफी पोटावरून होते. स्वादुपिंड मात्र जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ खोलवर असते आणि मधल्या वायूमुळे नीट दिसत नाही. म्हणून एंडोस्कोपच्या टोकावर बसवलेला छोटा प्रोब तोंडावाटे जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. तिथून गाठ अगदी जवळ दिसते आणि जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून बारीक सुई घालून नमुना घेता येतो. याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड किंवा ईयूएस म्हणतात. स्वादुपिंडासाठी ही पद्धत १९९० च्या दशकात रुळू लागली.

आधी विचारा: बायोप्सी हवीच आहे का?

माझे स्पष्ट मत आहे की डॉक्टरचे नाव शोधण्याआधी हा प्रश्न विचारला पाहिजे. सीटी स्कॅनमध्ये गाठ कॅन्सरचीच वाटत असेल आणि ती पूर्ण काढता येण्यासारखी असेल, तर बहुतेक वेळा बायोप्सीशिवाय थेट शस्त्रक्रिया करतात. केमोथेरपी आधी द्यायची असेल, तर मात्र बायोप्सी लागतेच. क्षयरोग किंवा ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस यांची शंका असेल तेव्हाही ती उपयोगी पडते, कारण या आजारांतली गाठ कॅन्सरसारखी दिसू शकते आणि औषधाने बरी होऊ शकते. यकृतातही डाग असतील, तर तिथला नमुना घेणे अनेकदा सोपे जाते.

हा निर्णय एकट्या डॉक्टरचा नसावा. पोटाच्या कॅन्सरचे सर्जन, गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी मिळून तो घ्यावा.

मग कोणाकडे जायचे?

ईयूएस बायोप्सी गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्ट करतात, पण प्रत्येक गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्टने त्याचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले नसते. पोटावरून सुई घालायची असेल, तर ते काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे. संकोच न करता विचारा:

- अशा बायोप्सी तुम्ही नियमित करता का? महिन्याला साधारण किती?
- नमुना पुरेसा आहे की नाही, हे कसे तपासता?
- नमुना तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना स्वादुपिंडाचा अनुभव आहे का?
- रक्तस्राव झाला किंवा स्वादुपिंडाला सूज आली, तर रात्री कोण बघेल?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. गुंतागुंत क्वचितच होते, पण ती सांभाळायची सोय तिथेच हवी.

निघण्याआधी

सीटीचा कागदी रिपोर्ट पुरत नाही, सीडीही सोबत घ्या. कावीळ असेल, तर स्टेंट टाकण्याआधी सीटी झालेला बरा, कारण स्टेंटनंतर चित्र बिघडते. मात्र ताप-थंडी असेल, तर वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. काविळीत रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगा, ती मनाने बंद करू नका. रक्ताच्या तपासण्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला होऊ शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हेही निघण्याआधी विचारा.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असे लिहिले, म्हणजे कॅन्सर नाहीच असे होत नाही. सुई नेमक्या जागी न लागल्यानेही असा रिपोर्ट येतो. सीटी आणि रिपोर्ट जुळत नसतील, तर पुन्हा तपासणी करावी लागते. दोन-तीन महिने निर्धास्त राहून गाठ हाताबाहेर जाण्यापेक्षा सुरुवातीलाच सवयीचा हात शोधलेला बरा. जवळचा दवाखाना सोयीचा असतो हे खरे, पण या एका तपासणीसाठी अंतरापेक्षा अनुभव पाहा.