समावेशाची आयात कशासाठी?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत इटालियन कंपनीच्या भागीदारीतून रेमंडचा सुती कापडाचा कारखाना उभा राहिला. परकीय भांडवल आणि तंत्रज्ञान यांचे स्वागतच आहे. मात्र 'विविधता आणि समावेश' हेही पाश्चात्त्यांनीच शिकवावे, हा सुशिक्षितांतील समज निव्वळ आत्मविस्मृतीचा आहे.

याच कागलच्या घाटगे घराण्यात राजर्षी शाहू जन्मले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी करवीर संस्थानातील रिक्त होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्याने पाळला जात होता. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिला महाराज आवर्जून उपस्थित राहिले.

उलट, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने सरकारी खात्यांतील समावेशाचे कार्यक्रम गुंडाळले. त्याच महिन्यात 'मेटा'नेही ते आवरते घेतले. जे सोयीने स्वीकारले, ते सोयीनेच टाकले गेले!

तथापि, वारशाच्या नुसत्या अभिमानाने भागणार नाही. आरक्षणाचा कायदा खासगी कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. पुढे विवेकाचे राज्य सुरू होते. कायम आणि कंत्राटी कामगार एका पंगतीत जेवतात काय? आडनाव ऐकून खोली नाकारली जाते काय? समरसतेची कसोटी भिंतीवरील फलकावर नव्हे, येथे लागते. शाहूंच्या कागलने या कसोटीला उतरावे. मग जगच येथे शिकायला येईल.