अनुभवाचे 15 गुण

मा. कामगारमंत्री, ओंटारिओ प्रांत, यांस,



पत्र मराठीत आहे, कारण इंग्रजीतल्या माझ्या अर्जांना उत्तरे येत नाहीत.

मी स्थापत्य अभियंता. पुण्या-मुंबईत चौदा वर्षे पुलांचे पाये घातले. कॅनडाने इथे घेतले ते हेच पाहून. कुशल कामगारांच्या केंद्रीय योजनेत शंभरपैकी 67 गुण लागतात. सहा वर्षांच्या अनुभवाला त्यातले 15 मिळतात. माझे 15 चिखलात उभे राहून कमावलेले होते. पदवी इथल्या पदवीच्या तोडीची असल्याचा दाखलाही पैसे भरून घेतला. आता मिसिसागातल्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी स्कॅन करतो. शेजारच्या पट्ट्यावर लाहोरच्या एक दंतवैद्य असतात.

मुलाखती दोनच झाल्या. दुसरीत विचारले, "इथल्या थंडीत काम केलंय का?" प्रश्न रास्त आहे. हिवाळ्यात इथली जमीन गोठून फुगते, म्हणून टोरोंटोकडे पाया साधारण चार फूट खाली न्यावा लागतो. हे समजून घ्यायला एक दुपार पुरली. कारण फुगणारी जमीन मला नवी नाही. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत चिरते. तिच्यावर पाया टिकवायला शिकण्यात माझी वर्षे गेली. पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही.

'कॅनडियन अनुभव' मागणे हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे, असे प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने 2013 सालीच सांगितले. अभियंत्यांना परवाना देणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये ही अट काढली. 1 जानेवारी 2026 पासून नोकरीच्या जाहिरातीत ती घालायला आपणही बंदी केलीत. त्याबद्दल आभार. पण 25 पेक्षा कमी माणसांच्या कंपन्या त्यातून सुटल्या आहेत. शिवाय जाहिरातीतून गेलेली अट मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून थोडीच जाते!

तेव्हा ही 25 ची सूट काढा. आणि प्रांताच्या पैशांतून पूल बांधणाऱ्या कंत्राटदारांना सांगा, की उमेदवाराची आधी तांत्रिक चाचणी घ्या, गाव मग विचारा. नापास झालो, तर गोदाम आहेच.

माझी पाळी सकाळी सातला सुटते. चाचणी आठनंतर कधीही ठेवा.

आपला,
मिसिसागातला एक स्थापत्य अभियंता